एक आकडा बदलताना

शाळेत व्याकरणाच्या तासाला वाक्यपृथक्करण करावे लागे. फळ्यावर एक लांबलचक वाक्य लिहिलेले असे. त्यातले उद्देश्य कोणते, विधेय कोणते, कर्म कुठे आहे, कोणता शब्द कोणाचा विस्तार आहे, हे रकाने आखून दाखवायचे. वाक्यात एका अक्षराचीही भर पडत नसे. पण भाग सुटे झाले की कोण, काय आणि कोणाला करतो आहे हे स्पष्ट दिसे.

संगणकाला हेच काम अहोरात्र करावे लागते. आपण यंत्रापुढे बसून जे काही टाइप करतो, ते त्याच्या दृष्टीने नुसती अक्षरांची माळ असते. त्या माळेचे भाग पाडून त्यांचे एकमेकांशी नाते ठरवणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला पार्सर म्हणतात. '२ + ३ × ४' एवढे साधे गणित घ्या. डावीकडून सरळ वाचत गेले तर उत्तर २० येते. पण 'कंचेभागुबेव' पाठ केलेल्या मुलाला माहीत असते, की आधी गुणाकार आणि मग बेरीज. म्हणून उत्तर १४. संगणकाला 'कंचेभागुबेव' कोणीतरी शिकवावे लागते, आणि पार्सर लिहिणारा तेच करत असतो. पार्सरने चूक केली तर पुढचा हिशेब कितीही काटेकोर असला तरी उत्तर चुकीचेच येणार. कारण चूक आकडेमोडीत नसते, वाक्य समजण्यात असते.

असा पार्सर हाताने लिहिणे हे मोठे किचकट काम आहे. म्हणून एक युक्ती निघाली. पार्सर लिहू नका, भाषेचे फक्त नियम लिहा. बेरीज कशी लिहितात, कंस कुठे येतो, कोणती क्रिया आधी करायची, हे नियम एका फाइलमध्ये मांडा. ते वाचून पार्सर तयार करण्याचे काम दुसरा प्रोग्रॅम करील. या दुसऱ्या प्रोग्रॅमला पार्सर जनरेटर म्हणतात, म्हणजे पार्सर तयार करणारे यंत्र. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत असे एक यंत्र तयार केले. त्याचे नाव 'याक'. या आद्याक्षरांचा अर्थ, 'आणखी एक कंपायलर-कंपायलर'. म्हणजे तेव्हाही अशी यंत्रे बरीच झाली होती आणि नाव ठेवणाऱ्याने थोडी थट्टा केली होती.

जावा या भाषेत काम करणाऱ्यांमध्ये जे यंत्र आज फार वापरात आहे त्याचे नाव 'अँटलर'. टेरेन्स पार यांनी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात असताना सुरू केलेल्या कामातून ते वाढत गेले. याही नावाचा अर्थ 'भाषा ओळखण्याचे आणखी एक साधन' असाच आहे. त्याची चौथी मोठी आवृत्ती २०१३ साली आली. डेटाबेसशी बोलणारे 'हायबरनेट' आणि प्रचंड माहितीवर प्रक्रिया करणारे 'स्पार्क' ही जावाच्या जगातली दोन प्रसिद्ध नावे. या दोघांच्याही पोटात अँटलर आहे. हायबरनेट किंवा स्पार्क वापरणाऱ्या कित्येकांना त्याचे नावही ठाऊक नसते. गिरणीत पीठ दळून आणणाऱ्याला जात्याचा दगड कोणत्या खाणीतला हे कुठे माहीत असते?

आता मुख्य विषय असा, की हे यंत्र जुने झाले आणि त्याची नवी आवृत्ती घ्यायची वेळ आली, तर काय होते?

वरवर पाहता हे काम अर्ध्या मिनिटाचे वाटते. जावाचा कोणताही मोठा प्रकल्प सगळा स्वतः लिहिलेला नसतो. दुसऱ्यांनी तयार करून ठेवलेले भाग तो मागवून घेतो. त्यासाठी वाण्याच्या यादीसारखी एक फाइल असते. कोणता भाग हवा आणि त्याची कोणती आवृत्ती हवी, हे त्यात लिहायचे. 'मेव्हन' किंवा 'ग्रेडल' नावाचा प्रोग्रॅम ती यादी वाचतो, मध्यवर्ती कोठारातून सगळा माल आणतो, आपल्या लेखनाशी जोडतो आणि चालवण्याजोगी वस्तू तयार करून देतो. या सगळ्या जुळवाजुळवीला बिल्ड म्हणतात. यादीतल्या ज्या भागांवर आपण विसंबून असतो, त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. तेव्हा अँटलरची आवृत्ती बदलायची म्हणजे यादीतल्या एका ओळीतला आकडा बदलायचा. '४.९.३' खोडून '४.१०' लिहायचे, एवढेच.

इथे आकड्यांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. गणिताच्या तासाला ४.१० ही संख्या ४.९ पेक्षा लहान असते. आवृत्त्यांचे आकडे मात्र दशांशाचे नसतात. ते 'चार, नऊ, तीन' आणि 'चार, दहा' असे सुटे वाचायचे असतात. पहिला आकडा बदलला तर मोठा फेरफार झाला असे समजायचे. मधला बदलला तर काही नव्या सोयी आल्या आणि शेवटचा बदलला तर किरकोळ दुरुस्त्या झाल्या, असा सर्वसाधारण संकेत आहे. या हिशेबाने ४.९.३ वरून ४.१० वर जाणे हे मधले पाऊल. पण एप्रिल २०२२ मध्ये अँटलरची ४.१० आवृत्ती आली तेव्हा हे मधले पाऊल अनेकांना जिन्याची एक पायरी चुकावी तसे जाणवले.

त्याचे कारण समजून घेण्यासाठी अँटलरचे दोन भाग ध्यानात घ्यावे लागतात. पहिला भाग बिल्डच्या वेळी काम करतो. तो आपले नियम वाचतो आणि त्यांच्यापासून पार्सरचा जावा कोड लिहून देतो. त्याचे काम तिथे संपते. दुसरा भाग प्रत्यक्ष प्रोग्रॅम चालू असताना काम करतो, त्याला रनटाइम म्हणतात. पहिला भाग कारखान्यात राहतो, दुसरा मालाबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जातो.

या दोघांमध्ये निरोप कसा जातो? जुन्या कचेऱ्यांमध्ये लघुलेखक असत. साहेब मजकूर सांगत, लघुलेखक तो लघुलिपीत उतरवून घेई आणि मागाहून कोणीतरी ती वही वाचून टंकलेखन करी. अँटलरचा पहिला भाग हा लघुलेखकच आहे. आपल्या भाषेचे सगळे नियम तो आकड्यांच्या एका दाट तक्त्यात आवळून बसवतो आणि तो तक्ता तयार केलेल्या कोडमध्येच ठेवून देतो. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर रनटाइम तो तक्ता उलगडून वाचतो. लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची लघुलिपी एक असेल तोवर सगळे सुरळीत. ४.१० आवृत्तीत ही लघुलिपीच बदलली. आधीच्या तक्त्यावर मांडणीचा क्रमांक ३ असे, नव्यावर ४ आला. साहजिकच जुन्या यंत्राने लिहिलेला तक्ता नव्या रनटाइमला वाचता येईना आणि नव्याने लिहिलेला जुन्याला वाचता येईना. आवृत्तीबरोबर दिलेल्या निवेदनात, जुने पार्सर नव्याने तयार करून घ्यावे लागतील, असे स्पष्ट लिहिले होते. पण यादीतला आकडा बदलणारा प्रत्येक जण निवेदन वाचतोच असे नाही.

यातली खरी खोच अशी, की बिल्डच्या वेळी काहीच बोंब होत नाही. जावाचा कंपायलर त्या तक्त्याकडे नुसते आकडे म्हणून पाहतो, त्यांचा अर्थ तो तपासत नाही. सगळे दिवे हिरवे लागतात. माल तयार होतो, गिऱ्हाइकाकडे पोचतो, सुरूही होतो. मग कोणीतरी पहिला प्रश्न विचारतो, पार्सरला पहिल्यांदा हाक जाते आणि त्या क्षणी तो मान टाकतो. 'तिसऱ्या क्रमांकाचा तक्ता उलगडता आला नाही, चौथ्याची अपेक्षा होती' अशा आशयाचा संदेश येतो. आकडा बदलणारा माणूस तोवर घरी जाऊन जेवायला बसलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, की दोन्ही भाग एकाच आवृत्तीचे ठेवले म्हणजे झाले. आपल्या ताब्यात असेल तिथवर हे उत्तर बरोबर आहे. पण आपली यादी फक्त आपली नसते. आपण मागवलेल्या प्रत्येक भागाची स्वतःची एक यादी असते, आणि त्या यादीतल्या भागांची आणखी. समजा, एका प्रकल्पाने हायबरनेटही घेतले आणि स्पार्कही घेतले. हायबरनेटच्या सहाव्या मालिकेतल्या पुढच्या आवृत्त्यांना अँटलर ४.१० किंवा त्याहून नवा लागतो. स्पार्कच्या ३.५ आवृत्तीला मात्र ४.९.३ लागतो. दोघांच्याही पार्सरला लागणाऱ्या रनटाइमचे नाव आणि पत्ता अगदी एकच. एका पत्त्यावर एकच बिऱ्हाड राहू शकते. मग बिल्ड करणारा प्रोग्रॅम त्यांतला एक निवडतो. मेव्हन सर्वसाधारणपणे यादीच्या झाडात जो जवळच्या फांदीवर असेल तो घेतो, तर ग्रेडल सर्वांत नवा घेतो. कोणीही निवडला तरी दुसऱ्याचा तक्ता वाचायला माणूस उरत नाही.

गंमत अशी, की अँटलरच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मोठ्या आवृत्तीचे पत्ते वेगवेगळे ठेवलेले आहेत. त्यामुळे दुसरी आणि चौथी एकाच प्रोग्रॅममध्ये सुखाने नांदू शकतात. अडचण होते ती ४.९ आणि ४.१० ची. भाऊबंदकी जवळच्या नात्यातच होते, त्यातला प्रकार! यावर उपाय आहे. आपल्याला लागणारा रनटाइम आपल्याच मालात, नाव आणि पत्ता बदलून, बांधून न्यायचा. धंद्यात याला शेडिंग म्हणतात. पण त्याने मालाचे वजन वाढते आणि पुढे त्या भागात दुरुस्ती निघाली तर ती आपली आपण शोधून बसवावी लागते. स्पार्कने पुढे २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या मालिकेत अँटलर ४.१३ घेतला, तेव्हा त्या बाजूने ही कोंडी सुटली.

इथवर सांगितलेली सगळी बिघाडाची उदाहरणे आवाज करणारी आहेत. यंत्र बंद पडते, संदेश येतो, माणसे धावतात. त्रास होतो, पण निदान कळते तरी. याहून जास्त काळजी करावी असा दुसरा प्रकार आहे, आणि त्यात काहीच आवाज होत नाही.

अँटलर तीनवरून चारवर जाणे हे मोठे पाऊल आहे. तिथे नियमांची फाइलच पुष्कळशी नव्याने लिहावी लागते. एक उदाहरण घेऊ. समजा, एका बँकेने व्याजाचे नियम साध्या वाक्यांत लिहिण्यासाठी छोटी भाषा तयार केली आहे. त्यात एक नियम असा आहे: 'ज्येष्ठ नागरिक किंवा कर्मचारी आणि ठेव एक लाखाहून अधिक, तर अर्धा टक्का जास्त.' या वाक्याचे पृथक्करण दोन प्रकारे होते. 'आणि' आधी जोडला, तर लाखाची अट फक्त कर्मचाऱ्याला लागते. ज्येष्ठ नागरिकाला ठेव कितीही असली तरी अर्धा टक्का मिळतो. 'किंवा' आधी जोडला, तर लाखाची अट दोघांनाही लागते. पन्नास हजारांची ठेव असलेल्या पेन्शनराला पहिल्या अर्थाने जास्त व्याज मिळते, दुसऱ्या अर्थाने मिळत नाही.

बहुतेक संगणकभाषांत 'आणि' आधी जोडण्याचा संकेत आहे. आपल्या या बँकेनेही तोच धरला होता असे समजू. जुन्या पद्धतीच्या नियमांमध्ये हे पायऱ्यापायऱ्यांनी लिहिलेले असे. सर्वांत वर सैल जोडणारा 'किंवा', त्याच्या खाली घट्ट जोडणारा 'आणि', त्याखाली बाकीचे. अँटलर चारमध्ये एक मोठी सोय आली. आता एकाच नियमात सगळे पर्याय एकाखाली एक लिहिता येतात, आणि जो आधी लिहिला तो जास्त घट्ट जोडतो. म्हणजे क्रम बरोबर उलटा झाला! जुन्या फाइलमधल्या पायऱ्या वरून खाली जशाच्या तशा उतरवून काढल्या, तर 'किंवा' पहिला लिहिला जातो आणि तोच जास्त घट्ट जोडतो. यंत्र तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने नियम निर्दोष आहे. बिल्ड होते, रनटाइम जुळतो, बँकेचा प्रोग्रॅम चालतो. फक्त पन्नास हजारवाल्या पेन्शनरांचे व्याज अर्ध्या टक्क्याने कमी जमा होते. पासबुकात रक्कम दिसते, ती नीटनेटकी छापलेली असते, आणि ती चुकीची आहे हे सांगणारी खूण कुठेच नसते.

आवृत्ती बदलणे म्हणजे फक्त आकडा बदलणे नव्हे, असे जाणकार का म्हणतात, ते इथे कळते. पार्सर हा वाक्याचा अर्थ ठरवणारा भाग आहे. तो बदलला, की आजवर लिहिलेली सगळी वाक्ये पुन्हा एकदा वाचली जाणार असतात. त्यांचा अर्थ तोच राहिला आहे, हे कोणीतरी पाहायला हवे.

ते पाहण्याची रीत अवघड नाही, पण तिला शिस्त लागते. जुनी आवृत्ती चालू असतानाच प्रत्यक्ष वापरातली वाक्ये गोळा करावीत. जितकी जास्त तितके चांगले, आणि विचित्र वाटतील ती तर मुद्दाम घ्यावीत. प्रत्येक वाक्याचे जुन्या पार्सरने केलेले पृथक्करण फाइलमध्ये जपून ठेवावे. मग आवृत्ती बदलून तीच वाक्ये नव्या पार्सरला द्यावीत आणि दोन्ही उत्तरे ओळीने ताडून पाहावीत. दोन्ही आवृत्त्यांत झाडाची मांडणी वेगळी असेल, तर शेवटचा निकाल ताडावा: आपल्या उदाहरणात व्याजाचा दर. जिथे फरक दिसेल तिथे थांबावे. फरक चुकीचाच असेल असे नाही. कधी कधी जुनाच पार्सर चुकत असतो. पण फरक आहे हे आपल्याला आधी कळले पाहिजे, पेन्शनरला नव्हे. जी वाक्ये चुकीची म्हणून नाकारली गेली पाहिजेत, तीही या चाचणीत घालावीत. सगळे गोड मानून घेणारा पार्सर कामाचा नाही.

बिल्डच्या बाजूनेही काही पथ्ये आहेत. पार्सर तयार करणारा भाग आणि रनटाइम यांचे आकडे यादीत दोन ठिकाणी न लिहिता एकाच ठिकाणी लिहावेत आणि दोन्हीकडे तिथूनच वापरावेत. म्हणजे एक बदलला आणि दुसरा राहिला असे होत नाही. बदल करण्यापूर्वी यादीचे संपूर्ण झाड छापून घ्यावे. मेव्हन आणि ग्रेडल दोघांकडे तशी आज्ञा आहे. अँटलर आणखी कोणाच्या मार्फत घरात शिरला आहे, ते त्यात दिसते. काही प्रकल्पांत तयार झालेला पार्सरचा कोडही मूळ लेखनाबरोबर साठवून ठेवलेला असतो. तिथे विशेष जपावे, कारण रनटाइम नवा येतो आणि साठवलेला तक्ता जुनाच राहतो. दोन आवृत्त्या जुळत नसतील तर अँटलर सुरुवातीला एक इशारा छापतो. त्या इशाऱ्याने काम थांबत नाही, म्हणून माणसे तो वाचत नाहीत. तो वाचावा. आणि नवे यंत्र कोणत्या जावावर चालते तेही पाहावे. ४.१० पासून पार्सर तयार करणाऱ्या भागाला जावा ११ लागते, रनटाइम मात्र जावा ८ वरही चालतो. कारखान्यातली जावा जुनी असेल तर काम पहिल्याच दिवशी अडते.

एवढा खटाटोप असेल तर आवृत्ती बदलायचीच कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. चालत्या गाडीला खीळ का घालावी? मध्यवर्ती कोठारात ठेवलेली जुनी आवृत्ती सहसा हलवली जात नाही, ती पुढेही मिळत राहते. म्हणूनच पुढे ढकलणे सोपे असते. हायबरनेटची पाचवी मालिका आपल्या प्रश्नभाषेसाठी अँटलरची २.७.७ ही आवृत्ती वापरत होती. ती आवृत्ती २००६ सालची. अँटलर चार तिथे पोचला तो २०२२ मध्ये, सहाव्या मालिकेबरोबर, आणि तोही भाषेचे ते सगळे प्रकरण नव्याने लिहून. सोळा वर्षांचा बदल एकदम करायचा म्हणजे तेवढा आवाका लागतो.

सगळ्यांना तेवढा अवधी मिळतोच असे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या जगात 'लॉगफोरजे' नावाच्या भागात गंभीर भगदाड सापडले. नोंदी लिहून ठेवणारा हा साधा भाग असंख्य प्रकल्पांत, पुष्कळदा दुसऱ्याच्या यादीतून, शिरलेला होता. दुरुस्त आवृत्ती लगेच आली, पाठोपाठ आणखी दुरुस्त्या आल्या. ज्यांना आपल्या यादीचे झाड माहीत होते आणि आवृत्ती बदलण्याची सवय होती, त्यांना त्या दिवशी आकडा बदलून, चाचण्या चालवून नवा माल पाठवता आला. बाकीच्यांना आपल्या घरात तो भाग कुठे कुठे आहे, इथूनच शोध सुरू करावा लागला. तो भाग पार्सर नव्हता. पण धडा तोच आहे. थोडे थोडे आणि वेळच्या वेळी बदलत राहिले, तर प्रत्येक वेळी ताडून पाहायचा फरक लहान राहतो. साचू दिले, तर एक दिवस सगळे मिळून पुढ्यात येते, आणि तो दिवस निवडण्याची मुभा आपल्याकडे नसते.

म्हणून एखाद्या कचेरीत संगणकाचे काम पाहणारी माणसे, 'फक्त आवृत्ती बदलायची आहे, आठवडा लागेल' असे म्हणाली, तर त्यांना कामचुकार समजू नये. आकडा बदलायला त्यांना अर्धे मिनिटच लागणार आहे. उरलेला आठवडा जुनी वाक्ये नव्या यंत्राला वाचून दाखवण्यात आणि त्यांचा अर्थ तोच निघतो ना, हे पाहण्यात जाणार आहे. पासबुकावर उमटणारी रक्कम बरोबर आहे असे आपण गृहीत धरतो, ते या आठवड्याच्या भरवशावर.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)